कोपराने चालणारा नळ

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. घरच्या नळासारखी गोल चावी मला नाही. वीतभर लांब दांडी आहे. ती कोपराने ढकलायची, म्हणजे धुतलेला तळहात मला लागत नाही. कारखान्यातून मी थेट इस्पितळाच्या वॉर्डात आलो आणि चार नंबरच्या खाटेसमोर बेसिनवर बसलो.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर प्रत्येक नव्या सिस्टरला माझ्यापुढे उभं करायच्या. "बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा. अंगठा सगळेच विसरतात!"

मग माझी दांडी जड झाली. कोपराला दाद देईना. लोक मळक्या हातांनी मला उघडू लागले आणि धुतलेल्या हातांनी बंद करू लागले. एकाच्या हातावरची घाण मी दुसऱ्याच्या हाती देत होतो. खोटं कशाला बोलू, ते उबदार तळवे मला आवडतही होते. तक्रार कुणीच केली नाही. दुसऱ्याने केली असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

अशात चार नंबरवर एक आजी आल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. शेजारच्या खाटेवरच्या काकूंची जखम चिघळून टाके पुन्हा उघडावे लागले होते. तसं आजींचं झालं असतं, तर घरी जाणं महिनाभर लांबलं असतं. पडल्यापडल्या त्या दिवसभर मलाच बघत.

एका सकाळी नवी सिस्टर त्यांचं ड्रेसिंग करायला आली. हात छान धुतले, तळहाताने मला बंद केलं आणि वळली.

"थांब गं बाई! आत्ता वॉर्डबॉय मामा बेडपॅन ठेवून आले, त्यांनी तोच नळ उघडला होता."

"आजी, आता तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवत नाही गं. टाके माझे आहेत!"

सगळा वॉर्ड हसला. मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी कोपर लावून पाहिलं. मी ढिम्म.

"आजींचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे आधी मला दिसायला हवं होतं. जा, पुन्हा धू. नळ कागदाने धरून बंद कर."

दुपारी प्लंबर आला. "महिनोन् महिने जाम आहे हा! एक फोन करता आला नाही?"

"आता केला ना? तोंड कमी, पाना जास्त चालवा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

माझी दांडी हलकी झाली, मला घासूनपुसून काढलं. तेव्हापासून नवी सिस्टर ड्रेसिंगआधी आजींपुढे दोन्ही हात धरायची. "बघा, पास का?"

"अंगठा राहिला."

"काहीतरीच! दोनदा धुतला!"

टाके निघाले त्या दिवशी जखम कोरडी, स्वच्छ होती. आजी वॉकर धरून आपल्या पायांनी घरी गेल्या.

मित्रांनो, जड झालेला नळ दिसला तर त्याच दिवशी सांगा. आणि कुणी हात न धुता तुमच्या जखमेपाशी आलं, तर बेधडक विचारा. चांगली सिस्टर फार तर एकदा गाल फुगवेल, पण परत जाऊन हात धुऊन येईल.