मागचं दिसलं पाहिजे

"सरळ उभी राह्य. पदर थोडा मागं घे, चेहरा दिसला पाह्यजे." भिवाजी दोन्ही हातांत मोबाईल धरून दोन पावलं मागे सरकले. "अन् जराशी डाव्या अंगाले हो. मागचं झाकून राह्यलं."

कस्तुराबाई डाव्या अंगाला सरकल्या. चिखलदऱ्याच्या कड्यावर, लोखंडी कठड्याला पाठ लावून, हात मांड्यांना चिकटवून उभ्या राहिल्या. मागे श्रावणातली हिरवी दरी होती, पलीकडच्या डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. आणि पुढे कस्तुराबाई, शाळेत प्रार्थनेला उभं केल्यासारख्या.

रेणूनं वडिलांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "बाबा, हा शेततळ्याचा फोटो नाई."

"मंग काय चुकलं? दरी पुरी आली, आई पुरी आली."

चुकलं काहीच नव्हतं. भिवाजी इंझोरी गावचे रोजगार सेवक, रोजगार हमीची कामं बघणारे. सतरा वर्षं गावातल्या प्रत्येक मंजूर कामाचा फोटो त्यांनीच काढला होता. नव्या विहिरीपुढे लखीराम, गोठ्यापुढे रंगूबाई, बांधावर लावलेल्या रोपांच्या रांगेपुढे सगळे मजूर. माणूस सरळ हवा, चेहरा उघडा हवा, मागचं काम पूर्ण दिसायला हवं. त्यांचा फोटो वरच्या ऑफिसातून कधी परत आला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता. गावालाही त्याची इतकी सवय झाली होती, की त्यांनी मोबाईल वर केला की माणसं आपोआप ताठ होत. शेजारच्या मंजूच्या बाळाच्या बारशाला त्यांनी हौसेनं मोबाईल काढला, तर ओली बाळंतीण बाळाला घेऊन पलंगाशेजारी उभी राहिली होती.

रेणू त्यांची एकुलती मुलगी, अमरावतीला एका दवाखान्यात नर्स. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना दारात बॅनर लावायचं होतं, त्यावर दोन्हीकडच्या आईवडिलांचे फोटो हवे होते. रेणूनं घरातला फोटो शोधला. भिवाजींच्या लग्नातला फोटोवाल्याचा रोल खराब निघाला होता. त्यानंतर सत्तावीस वर्षांत दोघांचा एकत्र असा एकच फोटो निघाला होता आणि तो सरकारी योजनेतल्या शौचालयापुढचा होता. दोघांच्या मधे दार, दारावर नाव आणि वर्ष.

"हा नाई लागत बॅनरवर," रेणू म्हणाली होती, आणि दोन दिवसांची सुट्टी काढून दोघांना चिखलदऱ्याला घेऊन आली होती. दोघांचाही हा पहिलाच प्रवास, ज्यात पोहोचल्यावर काही काम नव्हतं.

"आई, अशी उभी नको राहू," रेणू म्हणाली. "इकडं तिकडं पाह्य. जराशी हास."

"कायले हासू? कोणी काई म्हणलं का?"

रेणूनं वडिलांच्या हातून मोबाईल घेतला. "बाबा, तुमी जा आईजवळ. अजून जवळ. खांद्यावर हात ठेवा."

भिवाजींनी आजूबाजूला पाहिलं. कॉलेजची पोरं होती, अकोल्याकडचं एक कुटुंब होतं. तवा तापला का बघावं तसा त्यांनी हात कस्तुराबाईंच्या खांद्यावर टेकवला.

"लोकं पाहून राह्यले," कस्तुराबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"मले दिसते," भिवाजीही तसेच म्हणाले.

रेणूनं सहा फोटो काढले. सहाही फोटोंत दोघं चौकशीला बोलावल्यासारखे दिसत होते. भिवाजींनी मोबाईल परत मागितला. "मीच काढतो पहिले तुह्या आईचा. तिले जमलं की मले जमते. चाल, सरळ राह्य."

कस्तुराबाई या वेळी सरळ झाल्या नाहीत.

"एक सांगू का तुमाले? तुमी मोबाईल धरला की मले वाटते, माह्या नावावर काई तरी मंजूर झालं. तुमी माह्याकडं पाह्यतच नाई. माह्या मागं काय हाय, थेच पाह्यता."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. भिवाजी मोबाईलकडे पाहत राहिले.

तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. आधी पाण्याच्या रेघा गेल्या, मग डोंगर गेला, मग कठडाही अर्धा गेला. कॉलेजची पोरं ओरडत गाडीकडे पळाली. दोन मिनिटांत सगळीकडे पांढरं झालं.

"गेलं," रेणू म्हणाली. "आता काय फोटो येते."

भिवाजींनी मोबाईल खाली केला नव्हता. पडद्यावर मागे काहीच उरलं नव्हतं, फक्त कस्तुराबाई होत्या. कानाजवळचे केस पांढरे झालेले, पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब. उजव्या भुवईत एक लहानशी खूण होती.

"हे कायचं लागलं तुले?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"भुवईत."

"रेणू पोटात होती तवा. हौदावर घसरली होती मी. तुमी केनवडले गेले होते तुमच्या बहिणीकडं."

"मले नाई सांगतलं."

"सांगतलं होतं. तुमी म्हणले, हळद लाव." कस्तुराबाईंना ते आठवून हसू फुटलं. "मी दोन दिवस पिवळं तोंड घेऊन फिरली. तुमची माय म्हणे, सून हाय का हळकुंड."

भिवाजीही हसले. मोबाईल हलला. फोटो निघाला तो थोडा वाकडा होता आणि कस्तुराबाईंचा एक हात अर्धवट हवेत होता. रेणूनं तो पाहिला, पुन्हा पाहिला.

परतीच्या पायवाटेवर शेवाळ होतं आणि दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. भिवाजींनी मोबाईल रेणूकडे दिला आणि कस्तुराबाईंचा हात धरला. या वेळी त्यांनी आजूबाजूला पाहिलं नाही. पाहूनही काही दिसलं नसतं. "इकडं पाय ठेव," ते म्हणत राहिले. रेणू मागून चालत होती. तिनं एकदा मोबाईल वर केला. दोघांना ते कळलं नाही.

चहाच्या टपरीपाशी धुकं विरळ झालं. तिथं सगळेच होते, ती पोरं, अकोल्याचं कुटुंब, भुट्टेवाला. टपरीवाल्या बाईनं दोन ग्लास पुढे केले. कस्तुराबाईंनी आपला डाव्या हातानं घेतला, भिवाजींनी उजव्या. मधले दोन हात तसेच एकमेकांत राहिले.

रेणूच्या हातात मोबाईल वाजला. तिनं उचलला. "बाबा, गावातून फोन हाय. लखीराम काका. विहिरीच्या फोटोचं म्हणते."

भिवाजींनी चहावर फुंकर घातली.

"सांग त्याले, बाबा कामात हायेत."