बसलेलं माप

वेल्डरबाईंनी शेवटचा जोड पुरा केला, तोंडावरची काच वर केली आणि पाइप निवेपर्यंत त्याच्यासमोर उकिडव्या बसून राहिल्या. जोडाच्या कडेला आधी पिवळसर, मग जांभळट अशी बारीक झाक उमटली. ती तशी उमटली म्हणजे हात स्थिर होता आणि आच बेताची होती, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हातमोजा काढून त्यांनी एकवार इकडे-तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री करून घेतली आणि स्वतःशीच हसल्या.

बघत तर अख्खं घर होतं. खिडकीत सासूबाई होत्या आणि दारात गळ्यात टेप अडकवलेले मास्तर. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मागच्या गाडीच्या शेडमध्ये बाईंचं वेल्डिंगचं मशीन. या घरात नवरा कापड शिवतो आणि बायको लोखंड, असं गल्लीतली मंडळी गमतीनं म्हणत. दोघांनाही ते ऐकायला आवडायचं, पण तसं ते कुणाला कळू देत नसत.

शेडमध्ये चार लोखंडी घोड्यांवर, चाकं अधांतरी ठेवून, सासऱ्यांच्या वेळची गाडी उभी होती. तिचा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, इंजिनापासून शेपटापर्यंत गंजून चाळणी झाला होता आणि गाडी अशी गरजायची की दुकानातली गिऱ्हाइकं बोलता बोलता थांबायची. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं हात वर केले होते, हिचा सायलेन्सर आता जन्मात मिळायचा नाही म्हणाला. सोमवारी दहा वाजता गाडीची तपासणी होती आणि तीत नापास झाली तर ती पुन्हा रस्त्यावर यायची नव्हती.

गाडीचं दुःख सासूबाईंना जास्त होतं. बाईंना टोचत होतं ते वेगळंच. अठरा वर्षं त्या दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात जोड मारत होत्या. तीन आठवड्यांपूर्वी तिथल्या जुळणी विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली आणि त्यांनी धीर करून अर्ज केला. साहेबांनी त्यांना बोलावून, खुर्ची देऊन, अगदी आदरानं नाही म्हटलं. तुमच्या जोडाला तोड नाही, पण तुमच्या हातात येतं ते दुसऱ्यांनी मोजलेलं, कापलेलं, जुळवून दिलेलं, अख्खी वस्तू डोळ्यांसमोर उभी करणं हे वेगळं काम आहे, असं ते म्हणाले. बाई घरी आल्या आणि दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. साहेबांचा राग आलाच होता, पण त्यांना खोटं पाडता येत नव्हतं याचा जास्त आला होता. अठरा वर्षांत पहिल्यापासून शेवटपर्यंत आपली म्हणावी अशी एकही वस्तू त्यांच्या हातून झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की गाडीचा एक्झॉस्ट आपण घरी करणार. सायलेन्सरचा डबा पत्रा वळवून करायचा, मग सरळ पाइप आणायचा, त्याचे पाचरीसारखे तिरके तुकडे कापायचे आणि ते एकमेकांना जोडत हवं ते वळण घ्यायचं. मोजणार आपण, कापणार आपण, जोडणार आपण. सोमवारी गाडी पास झाली की बुधवारच्या आत अर्ज परत टाकायचा, त्या जागेची मुदत तोवर होती. सासूबाईंनी ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचवली.

आणि आता रविवारी सकाळी तो समोर तयार होता. इंजिनाखालून निघालेला, सायलेन्सरमधून गेलेला, मागच्या अॅक्सलवरून झोकदार कमान घेऊन बाहेर आलेला.

"अगं, ट्रायल नाही घ्यायची?" मास्तरांनी विचारलं.

"ट्रायल शर्टाची घेतात. हे स्टील आहे."

बत्तीस वर्षांच्या धंद्यात मास्तर एक गोष्ट शिकले होते, गिऱ्हाईक तोऱ्यात असलं की वाद घालायचा नाही.

बाईंनी एक्झॉस्ट गाडीखाली रबरांवर टांगला, बोल्ट आवळले, मग जॅक लावून एकेक घोडी काढली आणि गाडी हलक्या हातानं खाली घेतली. चाकं जमिनीला टेकली. गाडी आपल्या वजनानं खाली बसत गेली आणि शेवटच्या दोन बोटांत टण् असा आवाज झाला.

"काय वाजलं गं?" सासूबाईंनी खिडकीतून विचारलं.

बाई जमिनीवर आडव्या झाल्या आणि त्यांना एका नजरेत सगळं कळलं. गाडी घोड्यांवर होती तेव्हा चाकं लोंबकळत होती आणि त्यांना जोडणारा अॅक्सलही खाली लोंबत होता. गाडी चाकांवर बसल्याबरोबर तो वर आला होता आणि त्यांच्या झोकदार कमानीला जाऊन भिडला होता. कमान दोन बोटं तरी बुटकी होती. टाकी कधी उठत-बसत नाही. अठरा वर्षं टाक्यांपाशी काढलेल्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

त्या पालथ्या बादलीवर येऊन बसल्या. गल्लीभर झालेला गाजावाजा आठवला आणि कुठे तोंड लपवावं असं त्यांना झालं.

"साहेब खरंच बोलले," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी समजूत घातली नाही. ते दुकानात गेले आणि एक अर्धवट शिवलेला कोट घेऊन आले. त्याच्यावर सगळीकडे पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके होते.

"हा बघ. याची पाठ मी दोनदा उसवलीय. माणूस उभा असताना कोट झकास बसतो, खुर्चीत बसला की ओढतो. म्हणून मी उभं माप घेतो, बसलेलं माप घेतो, हात वर करायला लावतो. तरी चुकतं. म्हणून तर आधी कच्ची टीप."

"मला कच्ची टीप घालायची सवयच नाही. कारखान्यात ती दुसरे घालून देतात. माझ्याकडे येतं ते पक्कं करायलाच."

"मग आज तू घाल."

बाई उठल्या, एक्झॉस्ट खाली उतरवला आणि ग्राइंडर हातात घेतला. त्या कमानीत पाच जोड होते आणि पाचही आजवरच्या सगळ्या कामात उजवे होते. पातं टेकवण्याआधी त्यांनी पाचही जोडांवरून एकदा अंगठा फिरवला. पण एकदा ठिणग्या उडायला लागल्यावर त्या थांबल्या नाहीत. कमान वेगळी झाली. ती त्यांनी फडताळावर ठेवून दिली.

आता गाडी चारही चाकांखाली जाड फळ्या रचून उंच उभी केली, मागेपुढे दगड लावले. बसलेलं माप घ्यायचं तर गाडीत कुणीतरी बसायला हवं होतं. मास्तर मागच्या सीटवर बसले, पण एकट्यानं गाडी एका अंगाला कलली. तेव्हा सासूबाईंना बोलावणं गेलं. त्या पर्स घेऊन, चप्पल बदलून आल्या आणि लांबच्या प्रवासाला निघाल्यासारख्या खिडकीजवळची जागा धरून बसल्या. आपल्या वजनाचा घरात कुणाला उपयोग होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

गाडी मागून चार बोटं खाली आली. बाईंनी खाली सरकून, खडूनं खुणा करत, अॅक्सलपासूनचं अंतर तीनदा मोजलं.

तिरके काप आखताना आधी त्यांनी कोनमापक आणि आकडेमोड यांत शनिवारचा अर्धा दिवस घालवला होता. मास्तरांनी खाकी कागद पाइपाभोवती गुंडाळला, दोन खुणा केल्या, कागद सपाट पसरला आणि पेन्सिलीनं एका झटक्यात एक लाट काढली. शर्टाच्या बाहीला मुंढ्यापाशी असतो तोच तो आकार होता. कागद परत गुंडाळल्यावर काप नेमका हव्या त्या तिरकेपणानं उतरला. बाईंना आपल्या नवऱ्याचा थोडा हेवा वाटला आणि पुष्कळ अभिमान वाटला.

पण कापलं त्यांनी, जुळवलं त्यांनी. प्रत्येक तुकडा वेल्डिंगच्या नुसत्या दोन-दोन ठिपक्यांनी धरून ठेवला आणि पूर्ण कमान अशी कच्ची उभी राहिल्यावर ट्रायल घेतली. पहिल्या ट्रायलला शेपटाचं टोक बंपरला घासलं. ठिपके तोडले, पुन्हा जुळवलं. दुसऱ्या वेळी मास्तरांनी आतून उड्या मारून पाहिल्या, तेव्हा एका रबराला ताण येतोय असं दिसलं. तेही सोडवलं. सासूबाईंचा असा तीनदा प्रवास झाला आणि प्रत्येक वेळी त्या पर्स घेऊन चढल्या. तिसऱ्यांदा अॅक्सल आणि कमान यांच्यात तीन बोटं मोकळी जागा राहिली, गाडी हलली तरी राहिली. पाइप गाडीच्या पोटाशी कुठेही न रुसता बसला होता. बाई पाठीवर पडून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिल्या. हा आपण केला, अख्खा, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले. त्यांनी ते बाहीला पुसले, तर गालभर काळं झालं.

पक्के जोड मारायला मग तासाभराहून जास्त वेळ लागला नाही. दिवेलागणीच्या आधी त्यांनी किल्ली फिरवली. सासूबाई अजून मागच्या सीटवरच होत्या.

"लाव की गं चालू," त्या म्हणाल्या.

"चालूच आहे, आई."

सोमवारी तपासणीला सात मिनिटं लागली. तिथल्या माणसानं पाइपाच्या तोंडाशी एक नळी लावली, आवाज मोजला, कागदावर शिक्का मारला आणि पुढच्या गाडीला हात केला. गाडीखाली त्यानं बघितलंसुद्धा नाही. मास्तर पेढीवर बसल्यासारखे ताठ बसले होते, ते हिरमुसले. बाईंनी मास्तरांना दुकानापाशी सोडलं, शेडमध्ये जाऊन फडताळावरची कापलेली कमान उचलली आणि गाडी तशीच कारखान्याच्या फाटकातून आत नेली.

साहेबांच्या टेबलावर त्यांनी अर्ज ठेवला आणि अर्जावर ती कमान. साहेबांनी ती उचलून खिडकीपाशी नेली, फिरवून फिरवून पाहिली.

"जोड सुरेखच आहेत," ते म्हणाले. "ते मी आधीही म्हटलं होतं."

"जोड चांगले आहेत, जुळणी चुकलीय," बाई म्हणाल्या. "हे मी केलेलं चुकीचं काम आहे. मीच कापून काढलं. बरोबर केलेलं गाडीखाली आहे. गाडी बाहेर उभी आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि कमान हातात घेऊनच बाहेर आले. गाडीपाशी ते आधी नुसते वाकले. मग त्यांनी हातरुमाल जमिनीवर अंथरला, त्यावर गुडघा टेकला आणि शेवटी रुमालाचा विचार सोडून सरळ आडवे झाले. बाहेर त्यांचे पॉलिश केलेले बूट तेवढे दिसत राहिले.

"हे माप वजन ठेवून घेतलंत का?" खालून आवाज आला.

"हो. चाकांवर उभी करून, मागे माणसं बसवून."

"आणि वरच्या कमानीचे काप? कुणी आखून दिले?"

"आमच्या घरी टेलर आहेत. आखायचं त्यांनी शिकवलं. जुळणी माझी."

बूट थोडे आत सरकले.

"जरा उजेड दाखवता का इकडे?" साहेब म्हणाले.

बाईंनी मोबाईलचा दिवा लावला, ठेवणीतल्या कपड्यांची पर्वा न करता जमिनीवर आडव्या झाल्या आणि कमानीच्या पहिल्या जोडावर उजेड धरला.