खारवलेला चंद्र

कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण त्या सांजेला मिठागरावरचा सूर्य वेळेवर मावळलाच नाही. खाडीपलीकडच्या डोंगराला टेकून तो थबकला, लालबुंद झाला, आणि कान देऊन ऐकत राहिला. लवणशुभ्र राशींवर शेंदरी ओहोळ. चौकोनी चौकोनी जलदर्पण, आणि दर्पणादर्पणात एकेक जळता सूर्य. पण जोमाच्या छातीत जे जळत होतं, त्याच्यापुढे हे सगळे सूर्य म्हणजे विझलेले निखारे.

जोमा जळत होता बायकोच्या हसण्यावर.

हौसा हसायची नाही. मिठासारखीच झाली होती ती: पांढरी, कोरडी, मुकी. आणि एका हेमंतात, गुरुवारमागून गुरुवार, ती ठेवणीतलं लुगडं नेसून कुठेशी जाऊ लागली. परतताना पावलांत काही हलकं, ओठांवर काही गुणगुणतं. कुणासाठी? दारूनं बरबटलेल्या जोमाच्या मनात निवडुंगाचं रान माजलं.

एका गुरुवारी तो तिच्या मागावर निघाला. बांधाबांधानं, बगळ्याच्या पावलांनी, बगळ्याच्याच नजरेनं. ती शिरली मच्छीमार सोसायटीच्या जुन्या बर्फखान्यात. बर्फखान्याला दारं दोन. संशयाला घाई फार. जोमा शिरला भलत्याच दारात.

आत गोलाकार बसलेले पुरुष, भिंतीवर खडूनं लिहिलेलं: दारू सोडा. थरथरत्या ओंजळींत वाफाळते कप.

"या, बसा," पिकल्या भुवयांचे वामन केणी म्हणाले.

"मी काही दारू सोडायला नाही आलो," जोमा गुरगुरला. "बायकोवर नजर ठेवायला आलोय."

"आमच्यातलं कुणीच नव्हतं आलं. माझ्या तर कुत्रं मागं लागलं होतं, म्हणून शिरलो. साखर किती घालू?"

इकडे दारू सोडू पाहणारे. तिकडे त्यांच्या बायका, आया, बाप. मध्ये एक पत्रा. आणि पत्र्याआडून झिरपलं हसू: रुपेरी, निसटतं, हौसाचं. त्या हसण्याच्या खांद्याला खांदा लावून दुसरं हसू, घोगरं, भरदार, मिशीतलं. ते तांडेलबुवांचं, गलबतावरच्या म्होरक्याचं. मुलगा पिणारा, बायको देवाघरी, छाती अजून होडीसारखी रुंद.

जोमानं कप आदळला. आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा आला.

नशेत कान घोंगावतात, शब्द भिजून फुटतात. म्हणून ऐकण्यासाठी गुरुवार कोरडा ठेवावा लागला. ऐकलेलं उलगडत बसण्यासाठी शुक्रवार कोरडा. कोरडा शनिवार, कोरडा रविवार. ऊन जसं मिठागरातलं पाणी आटवतं, तसे मत्सरानं आठवड्याचे सगळे वार एकेक करून वाळवले.

पण बोलण्याची पाळी आली की जोमा म्हणायचा, "माझं काही नाही." गुत्त्यावर ज्याच्या थापांना राजदरबार भरायचा, तो इथे मुका. इतरांची दुःखं उघडी, ओली, खरी. आणि त्याच्या जिभेवर नुसतं मीठ.

त्या सांजेला, सूर्य थबकला त्या सांजेला, जोमानं ठरवलं: आज ती त्या तांडेलासाठी पुन्हा हसली, की उठायचं. उठायचं, आणि थेट गुत्ता.

ती हसली.

जोमा उठला. एका पायात चप्पल गेली. दुसरी शोधतोय, तोच पत्र्याआडून हौसाचा आवाज आला, जरा मोठ्यानंच:

"आमच्या यांची गोष्ट सांगते. एकदा चंद्र पडला मिठागरात. पडून राहिला, पडून राहिला, पुरता खारवला बिचारा."

दुसरी चप्पल शोधायची राहिलीच. ही गोष्ट जोमाची! गुत्त्यावरची, त्याची सगळ्यात लाडकी थाप. हौसानं कधी गुत्त्याचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि घरी? घरी जोमा गोष्ट सांगायचा नाही, नुसता कोसळायचा. मग हिनं ऐकली कुठं?

आणि मनातल्या मनात त्याला दिसली ती. गुत्त्याच्या कुडामागे, कंदील पदराआड घेऊन उभी. ऋतूमागून ऋतू उभी. गोष्ट संपायची वाट बघत, माणूस घरी न्यायला थांबलेली. प्रत्येक शब्द पाठ. प्रत्येक थांबा पाठ.

"...मग यांनी उचलला खांद्यावर. खारट पाणी गळतंय, बांध निसरडा. एका खांद्यावर चंद्र, आणि दुसऱ्या हातात माझा हात. घट्ट. म्हणाले, जपून गं, पडशील. एकदाही पडू नाही दिलं मला."

या वेळी तांडेलबुवा हसले नाहीत. कुणीच हसलं नाही.

तो हात जोमाच्या गोष्टीत नव्हता. तो हात तिनं घातला होता. उभ्या उभ्या, त्या कुडामागे, स्वतःसाठी.

"खोटं!"

जोमाची मूठ पत्र्यावर पडली आणि सगळा बर्फखाना थरारला. "खोटं बोलतेय ती! हात नव्हता धरला, कधीच नाही! चंद्रबिंद्र काही नव्हता. खांद्यावर मी होतो, तिच्या. मी पडायचो, आणि ती उचलायची!"

केणींचा कप ओठांपाशी थांबला. पत्रा थरथरत थरथरत निवला. आणि पलीकडून, अगदी त्याच्या मुठीपाशी, हौसाचा सावकाश आवाज आला:

"मग सांगा की तुम्ही. पहिल्यापासून."

बाहेर सूर्यानं मान खाली घातली, आणि तो बुडाला. दर्पणादर्पणात, निवत्या निवत्या पाण्यात, पांढरा, ओला, खारट, एकेक चंद्र.