नेव्हची लाल पट्टी

पहिला ठोसा नेव्हच्या नाकावर बसला. हातातलं सँडविच खाली पडलं.

"सोड ती पट्टी," केल म्हणाला.

"नाही सोडत." नेव्हच्या ओठावर रक्त उतरलं होतं. "चांगलं सँडविच होतं रे, केल."

आमच्या बेटावर मोटारगाड्या नाहीत, सगळे गोल्फच्या बग्ग्यांतूनच फिरतात. आमच्या साहेबाच्या बग्ग्या केल भाड्यानं देतो. नेव्ह आणि मी त्यांच्या विजेच्या मोटारी तपासतो. ज्या बग्गीत धोका, तिच्या स्टिअरिंगला आपल्या नावाची लाल पट्टी बांधायची. बांधली ज्यानं, सोडायची त्यानंच. दुसऱ्यानं हात लावला तर त्याच दिवशी नोकरी जाते, मग तो कुणीही असो. म्हणून केलला नेव्हचाच हात हवा होता.

सहा नंबरची बग्गी बाकाशेजारी उभी होती, स्टिअरिंगला नेव्हची पट्टी; तिची मोटार बाकावर उघडी पडली होती. केलनं मीटरची एक सुई आतल्या तांब्याला लावली, दुसरी बाहेरच्या लोखंडाला. तार लोखंडाला टेकली असेल तर तो वाजतो; आता मीटर गप्प.

"ऐक! काही नाहीये तिला."

"गार आहे ती," नेव्ह म्हणाला. "सकाळी तापवली तेव्हा मीटर केवढा बोंबलला, विचार लाल्याला."

लाल्या म्हणजे मी. माझे केस लाल आहेत.

"आतल्या तारेवरचं वेष्टण जळलंय," मी म्हणालो. "टेकडी चढताना तापली की मान टाकेल. बग्गी मागे घरंगळणार."

"टेकडीवर लग्न आहे आज! एक जरी बग्गी कमी पडली तर साहेब मला हाकलतोय. मोटार मी बसवतो. म्हाताऱ्या, तू फक्त पट्टी सोड."

"आणि आत नवरीची आजी बसली तर?" नेव्ह म्हणाला.

केलनं त्याचं मनगट धरलं आणि बोटं पट्टीवर दाबली. नेव्हनं मूठ आवळली. केलनं ती मूठ फरफटत बाकावर आणली आणि मोठा पाना हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. नेव्ह गुरासारखा ओरडला.

"उघड मूठ!"

"आता उघडतच नाही रे ती," नेव्ह कण्हत म्हणाला.

मी केलवर धावलो. त्यानं कोपर मारलं, मी पडलो, वर बरगडीत लाथ. श्वासच येईना. केल परत नेव्हकडे वळला. मी बाकाला धरून उठलो, फळीवरची कोरी पट्टी घेतली, वर माझं नाव लिहिलं. ती नेव्हच्या पट्टीशेजारी बांधली.

"आता दोन झाल्या," मी म्हणालो.

केलनं पाना उचलला आणि माझ्याकडे यायला लागला.

"लाल्या," नेव्ह म्हणाला, "चष्मा दे इकडे, फुटेल."

मी चष्मा काढला. नेव्हनं तो धड हातात घेतला, दुमडला, आणि छातीशी धरून उभा राहिला.