अर्धी बाटली तेल

मित्रांनो, मी खोगीर आहे, जुने आहे आणि काळे आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींविषयी माझी तक्रार नाही. तिसरी मला उतारवयात चिकटली, आणि तिचीच हकीकत सांगायची आहे. सावकाश सांगेन, हल्ली मी लवकर थकते.

एका कारागिराने मला शिवले, तेव्हा माझा रंग कडक चहासारखा तपकिरी होता. माझ्या पोटात त्याने मूठमूठ लोकर भरली आणि बोथट काठीने ती सारखी केली. निरुपयोगी गर्दीला लोक 'खोगीरभरती' म्हणतात. हा शब्द ज्याने काढला, त्याने खोगीर कधी उसवून पाहिले नसावे. त्या भरतीमुळेच पंचवीस वर्षे एकाही घोड्याची पाठ सोलवटली नाही. असो. वाद घालण्याइतका जोर आता उरलेला नाही.

ती पंचवीस वर्षे मी मास्तरांजवळ काढली. ते घोडेस्वारीच्या शाळेत शिकवत. दर रविवारी ते मला मांडीवर घेऊन तेल चोळत. त्यांचे गुडघे जिथे टेकत, तिथे तर दोनदा. "मास्तरांच्या खोगिरात तोंड पाहून भांग पाडावा," असे लोक म्हणत. पुढे मास्तरांचे गुडघे दुखू लागले. ते घरी बसले आणि मी मागच्या गॅलरीत एका लाकडी घोडीवर पडून राहिले. माझ्यावर कोणी बसत नसे. रविवारचे तेल तेवढे चुकले नाही. खरे सांगू का, मला ते बरे वाटत होते. अडगळीत पडण्याला सगळे नावे ठेवतात, पण थकलेल्याला ते विश्रांतीसारखेच लागते.

ही विश्रांती मास्तरांच्या मुलीने मोडली. तिला त्याच शाळेत शिक्षिका व्हायचे होते. दोनदा ती परीक्षेत मागे पडली होती आणि वयाची अट पाहता ही तिची शेवटची संधी होती. नियमपत्रकात लिहिले होते : स्वाराची विजार पांढरी असावी, खोगीर स्वतःचे असावे आणि ते काळे असावे.

"बाबा, हेच रंगवू या," ती म्हणाली.

मास्तरांनी माझ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "रंगव. पण घोड्याच्या पाठीला टेकते ती बाजू सोडायची. घाम सुटला की रंग उतरतो, आणि त्या मुक्या जिवाला सांगता येत नाही."

तिने गॅलरीत जुनी वर्तमानपत्रे पसरली, माझ्या कड्यांना चिकटपट्टी गुंडाळली, साबणाने मला धुतले आणि स्पिरिटच्या बोळ्याने वर्षानुवर्षांचे तेल पुसून काढले; तेलकट चामड्यावर रंग धरत नाही. शेजारच्या काकू कठड्यावरून डोकावल्या. "काय हो मास्तर, या वयात लोक केस काळे करतात. तुम्ही खोगीर काळं करायला काढलंत!"

"केस उरलेत कुठे, वहिनी?" मास्तर म्हणाले.

मला दोन दिवस कोरडे ठेवायचे होते. दुसऱ्या दुपारी मुलगी कामाला गेली असताना मास्तर गॅलरीत आले. मी फिकट पडले होते, सुरकुतले होते. त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. "किती तहानलंय," ते पुटपुटले, आणि आतून तेलाची बाटली घेऊन आले. मित्रांनो, मी ते तेल प्याले. ते गोड लागले. या चुकीत माझाही वाटा आहे, म्हणून सांगते.

संध्याकाळी मुलीने रंगाचा पहिला हात दिला. सकाळी तिने माझ्यावर तळवा टेकला. तो काळाकुट्ट निघाला. रंग कुठे बसला होता, कुठे निसटला होता. माझ्या अंगभर डाग पडले होते.

"बाबा, तेल लावलंत?"

"थेंबभर."

"थेंबभर? बाटली अर्धी झालीये! मी पांढरी विजार घालून यावर बसणार आहे, बाबा. उतरल्यावर काय दाखवू परीक्षकांना?"

"ते तडकेल असं वाटलं गं. मला राहवलं नाही."

परीक्षेला चार दिवस होते. ती रागाने आत निघून गेली. मास्तरांनी स्टूल ओढले, बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि आपणच लावलेले तेल काढायला बसले. थांबत, धापा टाकत त्यांनी दुपारपर्यंत मला घासले. माझे अंग चुरचुरत होते. मला पुन्हा तरुण व्हायचे नव्हते. पण त्यांची धाप ऐकून मी ते सोसले. शेवटी मुलगी बाहेर आली आणि तिने दुसरा बोळा उचलला.

पुढे रंगाचे तीन पातळ हात झाले, दर दोन हातांमध्ये वाळवणे, शेवटी कापडाने घासणे. सगळीकडे रंग धरला. मास्तरांच्या गुडघ्यांच्या दोन जागा मात्र तपकिरीच झळकत राहिल्या.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी तिथेच बोट ठेवले. "इथे रंग का बसला नाही?"

"तिथे बाबांचे गुडघे असायचे, सर."

परीक्षकांनी पांढऱ्या हातमोज्याने ती जागा जोरात पुसली. मोजा पांढराच राहिला. "उतरत नाही ना? मग बसा."

ती उत्तीर्ण झाली. तिची विजारही पांढरीच होती.

घरी मला गॅलरीत ठेवताच मास्तर बाटली घेऊन आले आणि उंबऱ्यातच थांबले. "लावू का?"

"आज नको, बाबा."

"उद्या?"

"रंग मुरू दे. पुढच्या महिन्यात."

त्यांनी झाकण घट्ट फिरवले. मग माझ्यावर हात ठेवला, उचलला आणि तळवा उजेडात धरून पाहिला. तो स्वच्छ होता.

मित्रांनो, उद्यापासून मला पुन्हा कामावर जायचे आहे. अंग दुखते आहे. जुन्या वस्तूंना जपा, एवढेच सांगून मी थांबले असते. पण जपण्याची हौस आपली असते आणि अंग त्यांचे. म्हणून बाटली उघडण्याआधी उंबऱ्यात क्षणभर थांबा. मास्तर तेवढे शिकले, आणि त्यांना सत्तरावे चालू आहे.