हललेला स्कॅन

"वहिनींचा आधीचा एखादा स्कॅन सापडतो का, बघा," डॉक्टर एमआरआय काढणाऱ्या हलूनकाला म्हणाले. काचेपलीकडे त्याचीच बायको यंत्रात निजली होती. गेल्या महिन्यात तिचं बोलणं बंद झालं होतं, आणि आता पडद्यावर तिच्या मेंदूतली लिंबाएवढी गाठ दिसत होती. जुनं चित्र मिळालं तर गाठ किती वेगाने वाढतेय ते कळणार होतं आणि ऑपरेशनचं ठरणार होतं.

हलूनका हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जन्मभर माइकवर "हलू नका, हलू नका" करून ते त्याला चिकटलं. शिस्त अशी कडक, की यंत्रात डोंगर शिंकला असता तरी या पठ्ठ्याने त्याचं सेशन बाद केलं असतं. हललेल्या सेशनवर 'रद्द'ची खूण मारली की ते शोधात येत नाही आणि कुणी उघडूनही पाहत नाही. ही पद्धत त्यानेच घालून दिलेली.

त्याने बायकोचं नाव टाकून शोधलं. पडदा कोरा.

"नाही ना? मग नशीब," म्हणत डॉक्टर उठले.

इथे तोंड शिवून बसला असता तर सगळं नशिबाच्या गळ्यात पडलं असतं. पण नवं यंत्र आलं तेव्हा चाचणीला माणूस हवा म्हणून त्याने डबा घेऊन आलेल्या बायकोलाच आत घातलं होतं. हल्ली डोकं दुखतं, तेही बघून टाका, म्हणाली होती ती. त्याने माइकवरून चिडवलं. ती खुदखुदली, चित्र हललं, आणि याने न बघताच खूण मारली. बायकोलासुद्धा सवलत नाही, हे तो पुढे कित्येक दिवस चहाच्या वेळी ऐटीत सांगत होता.

"थांबा," म्हणत त्याने 'रद्द धरून शोधा'वर टिचकी मारली. एकच सेशन वर आलं. चित्र फिसकटलेलं, तरी वाटाण्याएवढा ठिपका स्पष्ट होता.

"तेव्हा अलगद निघाली असती हो. आता हात लावण्यात अर्थ नाही. हे रद्द कुणी..." डॉक्टरांनी खालचं नाव वाचलं आणि चष्मा पुसत बाहेर गेले.

शेवटची चित्रं राहिली होती. हलूनकाने माइक दाबला.

"आता तरी तोंड बंद ठेव," तो तेव्हा चिडवलेलंच पुन्हा म्हणाला, "लग्नापासून वाट बघतोय."

आत काहीच हललं नाही. इतकं स्वच्छ चित्र त्या यंत्राने कधी काढलं नव्हतं. त्याने त्यावर 'उत्तम'ची खूण मारली.