वरच्या मजल्यावरचं गाणं

मी ओइवांच्या स्वयंपाकघरातला म्हातारा संगणक बोलतोय. हसू नका. पंखा घरघरतो म्हणून काय झालं, डोकं अजून शाबूत आहे!

उमेदीची वर्षं ओइवांच्या लेकीच्या, पाइवीच्या कचेरीत गेली. तिथे नवा आला आणि माझी रवानगी इथे ओउलू शहरात, तिच्या वडिलांकडे झाली. 'बाबांना सोबत' म्हणे. या सोबत्याच्या डोक्यावर बाबांनी वर्तमानपत्रांची रद्दी रचली.

मग त्यांची बायको आउने वारली. ती गायनमंडळात गायची. पण घरात तिचा आवाज कुठेच नाही! 'रोजच तर गाते,' म्हणून या गृहस्थांनी एक ओळ कधी टिपून ठेवली नाही. धन्य! आता मात्र मंडळात ती म्हणायची ते तळ्यावरचं गाणं एकदा तरी ऐकायचं, हा एकच ध्यास. शेवटी पाइवीने माझ्यावरची रद्दी काढली आणि मला जुनी गाणी वाटून घेणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात बसवलं.

आमच्या जाळ्यात साहेब नाही, मुख्य कचेरी नाही. प्रत्येकाला क्रमांक, गाण्यालाही त्याच्या नावावरून क्रमांक. माझी ओळख मोजक्यांशीच. त्यांतल्या ज्याचा क्रमांक गाण्याच्या क्रमांकाला जवळचा, त्याला मी विचारतो. तो त्याहून जवळच्याचं नाव सांगतो. आम्ही लाखो असलो तरी थोडक्या दारांत पत्ता लागतो. कुणी न सांगता निघून गेलं तर आम्ही रुसत नाही, दुसरी ओळख करून घेतो.

आणि आमचे मालक? बाहेर पडण्याआधी दाराच्या भोकाला डोळा लावणार. जिन्यात कुणी दिसलं की कोट-टोपीत घामाघूम होत आतच उभे. का, तर नमस्कार करावा लागेल! वरच्या मजल्यावरच्या हिल्काबाई त्यांच्याही वरताण. इतकी वर्षं एका छपराखाली काढून दोघं एकमेकांना पावलांच्या आवाजावरूनच ओळखतात.

रविवारी पाइवी आली आणि मी शोधाला लागलो. पोर्तुगालात विचारलं, पोलंडमध्ये विचारलं. सापडलं! गाणं येऊ लागलं आणि शेवटचा तुकडा राहिला असताना थांबलं. देणारा संगणक बंद झाला होता.

"बाबा, हा पत्ता आपल्याच इमारतीतला आहे!" पाइवी ओरडली. "आईच्या मंडळातलं इथे कोण राहतं?"

"वरच्या बाई. आउनेच्या शेजारी उभ्या राहायच्या."

"मग जा ना वर!"

"न कळवता? त्यांनी बंद केलंय, म्हणजे त्यांना त्रास नको असेल."

"यंत्र बंद केलंय, दार नाही. उद्या भंगारात दिलं तर आईचा आवाज कुठून आणाल?"

ओइवांचा चेहरा उतरला. त्यांनी कोट चढवला. एक मजला वर जायला कोट! भोकाला डोळा लावला. जिना मोकळा होता, तरी खांबासारखे उभे.

"मी जाऊ का?" पाइवी म्हणाली.

"नको. बायको माझी होती."

वर घंटा वाजली. दार उघडलं, छतावर दोघांची पावलं वाजली. मग वरचा भाऊबंद जागा झाला आणि राहिलेला तुकडा आला. मी ऐटीत वाजवणार, तोच छतातून आउनेचा आवाज आला. पाइवी मान वर करून रडत ऐकत राहिली. मग बाबांसाठी आणलेल्या वेलचीच्या पावांचं ताट उचलून तीही वर पळाली.

कुठे पोर्तुगाल, कुठे पोलंड! वणवण माझी आणि कॉफी वर. गाणं इथे अख्खं पडलंय, ऐकायला कुणी नाही. माझी काही तक्रार नाही. पुन्हा रद्दी ठेवा हवं तर. फक्त ओइवा, परत याल तेव्हा दार लावून घ्या. सताड उघडं टाकून गेलात.